‘तिका चवथ गावतली काय?’ : एका घरातलं शेवटचं आजारपण आणि त्यानंतरचं वर्ष

रुग्ण ६२ वर्षांची, मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका वाडीत राहणारी. डाव्या गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग. मुंबईत शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झालं, वर्ष-दीड वर्ष बरं गेलं, मग त्याच जागी पुन्हा गाठ उठली. मानेत पसरली, गालाला बाहेरून भोक पडलं, तोंड जेमतेम बोटभर उघडायचं. नाकातून नळी घातली आणि ‘लक्षणांप्रमाणे घरी उपचार’ असं फाइलवर लिहून तिला गावी पाठवण्यात आलं. वैशाख संपत आला होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वाडी तिला काकी म्हणायची, त्या घराचा डॉक्टर असलेला मीही म्हणायचो.

आजाराचं कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. लग्न होऊन आल्यापासून सकाळ-संध्याकाळ मशेरी. आमच्या भागातल्या बायकांना ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण मशेरी त्यांच्या हिशेबी दात घासण्यात जमा असते. विचारायचंच तर ‘मशेरी किती वेळा लावता?’ असं विचारावं.

घर असं. नवरा सत्तरीचा, आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीवर काढलेला. त्याला मधुमेह आणि रक्तदाब, दोन्हींच्या गोळ्या माझ्याकडूनच. त्याला सगळे तात्या म्हणतात. धाकटा मुलगा रिक्षा चालवतो. त्याची बायको घर, गुरं आणि सासू तिन्ही बघणारी. नऊ वर्षांची नात. थोरला मुलगा नालासोपाऱ्याला, खासगी नोकरीत; गणपतीला आणि शिमग्याला येणारा. या सगळ्यांची नाडी मी कधी ना कधी धरलेली आहे. मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाकडे माझ्यापेक्षा ज्ञान जास्त असतं. पण थोरल्याला आईच्या इस्पितळासाठी काढलेलं कर्ज अजून फेडायचं आहे, किंवा तात्या सुनेशी आजारपणाबद्दल बोलत नाहीत, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

दुखणं

काकी घरी आली तेव्हा ट्रॅमाडॉल या मॉर्फिनपेक्षा सौम्य वेदनाशामकाच्या गोळ्यांवर होती आणि रात्रभर बसून असायची. दुखणं किती, हे शून्य ते दहाच्या पट्टीवर सांगणं तिला जमेना. मी विचारलं, ‘रुपयातलं किती आणे?’ तिने लगेच बोटं दाखवली : सोळापैकी चौदा. तेव्हापासून घरच्या शंभरपानी वहीत आणे लिहायला सुरुवात झाली. वहीत तारीख, वेळ, औषध, आणे आणि शौचाला झाली की नाही, एवढंच. लिहायचं काम धाकट्याचं. ही वही पुढे माझ्या अपेक्षेपेक्षा फार मोठ्या कामी आली.

चौदा आणे दुखण्याला मॉर्फिनच लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांसाठी सौम्यापासून तीव्रापर्यंत औषधांची शिडी १९८६ मध्ये सांगितली, तेव्हापासून हे सर्वांना माहीत आहे. अडचण असते ती ते मिळवण्याची. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यामुळे रुग्णालयंसुद्धा मॉर्फिन ठेवायला घाबरत, कारण एकाच बाटलीसाठी वेगवेगळे परवाने काढावे लागत. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. तरी गावातल्या मेडिकलमध्ये ते मिळत नाहीच. शिवाय २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांप्रमाणे या कायद्याखालची औषधं फोनवरून लिहून देता येत नाहीत. म्हणजे पावसात, रिक्षाचं भाडं बुडवून, फाइल घेऊन धाकट्याला जिल्ह्याबाहेर जावं लागलं. तिथल्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याचं काम करणाऱ्या डॉक्टरांशी मी आधी बोलून ठेवलं होतं, त्यामुळे एका फेरीत काम झालं.

मूत्रपिंडाचं काम ठीक आहे हे रक्त तपासून पाहिलं आणि सुरुवात ५ मिलिग्रॅमने, दर ४ तासांनी केली. गोळी कुटून, पाण्यात विरघळवून, नळीवाटे. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० ; रात्रीचा डोस दुप्पट, म्हणजे मध्यरात्री कोणाला उठायला नको. मध्येच दुखलं तर तेवढाच एक जादा डोस. पॅरासिटामॉल चालू ठेवलं, नसांच्या जळजळत्या दुखण्यासाठी रात्री अमिट्रिप्टिलिन. पहिले काही दिवस मळमळीचं औषध. आणि पहिल्याच दिवसापासून पातळ रेचक, कारण मॉर्फिनची मळमळ जाते, बद्धकोष्ठ जात नाही. आठवड्याभरात डोस १० मिलिग्रॅमवर स्थिरावला आणि वहीत चौदाचे चार आणे झाले.

घरातल्या माणसांना दुखण्यापेक्षाही जास्त छळत होता तो वास. नात आजीजवळ जाईना, आणि त्याची लाज सगळ्या घराला. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड ड्रेसिंगवर टाकली की दोन-चार दिवसांत वास उतरतो. औषध अगदी स्वस्त आहे. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी, स्वच्छ फडकं, पावसाळी माश्यांसाठी दिवसाही मच्छरदाणी. सुनेला एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा तिने केलं आणि मी पाहिलं. गावच्या आशाताई मधूनमधून येत. हा आजार शिवल्याने लागत नाही, हे मी नातीला तिच्या आईसमोर सांगितलं. ते तिच्यापेक्षा शेजारणींना ऐकवायचं होतं.

गालाजवळची मोठी रक्तवाहिनी फुटण्याची भीती होती. हे घरच्यांना आधी सांगावं की नाही, यावर डॉक्टरांत दोन मतं आहेत. मी सांगतो, पण एकाच माणसाला, आणि काय करायचं हेही सांगतो. सुनेला म्हटलं, काळपट किंवा लाल रंगाची जुनी लुगडी उशाशी ठेव. पांढऱ्या कापडावर थोडंसं रक्तही घर हादरवतं. आषाढात एकदा रक्त आलं, बेताचंच. तिने दाबून धरलं, रक्त थांबवणाऱ्या ट्रानेक्सामिक ॲसिडची पूड लावली आणि मग मला फोन केला.

तिला काय हवं होतं

‘तिला काही सांगू नका’ असं धाकट्याने पहिल्याच दिवशी दारात अडवून सांगितलं होतं. हे जवळपास प्रत्येक घरात घडतं आणि त्यात वाईट हेतू नसतो. मी खोटं बोलणार नाही आणि विचारल्याशिवाय सांगणारही नाही, एवढं त्याच्याशी ठरवलं. मग काकीजवळ बसून तिलाच विचारलं, ‘काकी, तुम्हाला काय वाटतं, कसं चाललंय?’ बोलणं अस्पष्ट होतं, पण घोटाळा होण्यासारखं नव्हतं : ‘माका आता मुंबयक न्हेव नकात.’ तिला सगळं ठाऊक होतं. धाकट्यापासून ती लपवत होती.

ते वाक्य मी केसपेपरवर तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहिलं. त्या वेळी सून आणि शेजारच्या काकू हजर होत्या, त्यांची नावंही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जिवंतपणी लिहिलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आमच्या वाडीत असं इच्छापत्र केलेला माणूस मला भेटलेला नाही. पण रुग्णाचं म्हणणं साक्षीनिशी कागदावर असलं की पुढच्या वादात तो कागद उपयोगी पडतो, कोर्टात नसेल तर पडवीत तरी.

चवथ

श्रावणाचा दुसरा आठवडा चालू असताना तात्या दवाखान्यात आले. स्वतःच्या गोळ्या न्यायला आल्याचं निमित्त. उठता उठता म्हणाले, ‘डॉक्टरांनू, तिका चवथ गावतली काय?’

म्हणजे, तिला गणेश चतुर्थी मिळेल का, तोवर ती जगेल का? बाहेरच्या माणसाला या प्रश्नाची खोली कळणार नाही. कोकणात चतुर्थी म्हणजे चाकरमान्याची वर्षाची सुटी, महिने-महिने आधी काढलेलं तिकीट आणि दीड, पाच किंवा सात दिवसांचा देव. त्यात मृत्यू झाला की सुतक घरापुरतं राहत नाही, भावकीला लागतं. वाडीतल्या साताठ घरांचे गणपती काकीच्या श्वासावर टांगलेले होते. हे कोणी बोलत नव्हतं, पण बघायला येणारा प्रत्येक जण मनात तिथी मोजून जायचा. देवळात गाऱ्हाणंही घालून झालं होतं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्यांना उद्या खांदा द्यायचा आहे, त्यांना दिवस विचारायचा हक्क आहे.

‘देवाच्या हातात आहे’ असं म्हणून डॉक्टरला सुटता येतं, आणि बरेच सुटतात. मी ठोकताळा वापरतो. प्रकृती महिन्या-महिन्याने उतरत असेल तर हातात महिने असतात, आठवड्याने उतरत असेल तर आठवडे, रोज उतरत असेल तर दिवस. काकी आषाढात ओटीवर येऊन बसायची. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात माजघरापर्यंत आली, दुसऱ्या आठवड्यात खाटेवरून उठली नाही. मी तात्यांना सांगितलं, आठवडे आहेत, फार नाहीत, चवथ धरून चालू नका. त्याच संध्याकाळी थोरल्याला फोन केला. त्याचं तिकीट चतुर्थीच्या आदल्या दिवसाचं होतं. म्हटलं, ‘ते राहू दे. आता ये.’

या सबंध प्रकरणात मी केलेल्या कामांपैकी हा फोन सगळ्यात महत्त्वाचा होता, असं माझं मत आहे. मॉर्फिन दुसरं कोणी देऊ शकलं असतं. हा फोन दुसऱ्या कोणी केला असता तर थोरल्याने ‘बघू, साहेबांना विचारतो’ म्हटलं असतं.

थोरला

तो नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आला आणि आल्या आल्या भडकला. होळीला पाहिलेली आई आणि आताची आई यांत ओळख राहिली नव्हती. ‘गुंगीचं औषध देऊन झोपवून ठेवलंय,’ तो धाकट्याला म्हणाला. ‘१०८ बोलवा, कोल्हापूरला नेऊ, नाहीतर गोव्याला, बांबोळीच्या इस्पितळात.’ भावकीतल्या एका वडीलधाऱ्याने भर घातली, ‘निदान सलाईन तरी लावा.’

मला संध्याकाळी बोलावलं. पडवीत दहा-बारा माणसं जमली होती. लांबून आलेल्या मुलाची ही त्रेधा पॅलिएटिव्ह केअरमध्ये काम करणाऱ्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. त्याच्याशी वाद घालायचा नसतो. मी त्यालाच विचारलं, मुंबईच्या डॉक्टरांनी शेवटी काय सांगितलं होतं? त्याने नीट सांगितलं. त्याला सगळं माहीत होतं. मग त्याला बाजूला परसात नेलं आणि विचारलं, ‘तुला भीती कशाची वाटते?’ बराच वेळ गप्प राहून म्हणाला, ‘लोक म्हणतील, थोरल्याने पैशाकडे बघून आईला घरी ठेवली.’

बाकीचं बोलणं सोपं होतं. पडवीत परत येऊन सगळ्यांसमोर मी सांगितलं की इस्पितळात नेऊ नये हा माझा सल्ला आहे, पैशाशी त्याचा संबंध नाही, आणि काकीने स्वतः हेच सांगितलेलं आहे. केसपेपर वाचून दाखवला. सलाईनबद्दल सांगितलं की या अवस्थेत शरीर पाणी वापरू शकत नाही, ते फुफ्फुसांत आणि पायांत साचतं, घशातली घरघर वाढते. नळीतून जाणारी पेजही आता निम्मी करायची आहे, कारण जादा गेली की उलटून श्वासात जाते. हे शेवटचं सुनेला सगळ्यात जड गेलं. पेज कमी करणं म्हणजे उपाशी मारणं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हटलं, ‘भूक लागत नाही म्हणून शरीर थांबतंय. खात नाही म्हणून मरत नाही.’

‘नेऊ नका’ हा निर्णय घरातल्या कोणाच्याही नावावर राहता कामा नये. रुग्णाची इच्छा आधी विचारलेली असेल, तर तो डॉक्टरने आपल्या नावावर, चारचौघांत आणि मोठ्याने घ्यावा. थोरल्याला पुढची पंचवीस वर्षं या वाडीत यायचं आहे. ‘डॉक्टरांनी सांगितलं’ एवढं म्हणता आलं की माणूस मान वर करून येतो.

निघताना एक कागद मराठीत लिहून खाटेशेजारी चिकटवला. श्वास अनियमित झाला, मधेच थांबून पुन्हा सुरू झाला तर काय समजायचं. घरघर झाली तर कुशीवर कसं वळवायचं. ओठ कशाने ओले ठेवायचे. कोणत्या नंबरला फोन करायचा. आणि तळाला, १०८ ला फोन करायच्या आधी मला करा. ती सेवा जीव वाचवायला येते. तिला बोलावलं की ती तिचं काम करणारच.

शेवट

नंतरच्या दोन दिवसांत लघवी कमी झाली. अशा वेळी मॉर्फिन शरीरात साठतं, म्हणून डोस ५ मिलिग्रॅमवर आणला, अंतर ६ तास केलं आणि रात्रीचा दुप्पट डोस बंद केला. घरघरीसाठी हायोसिनचं इंजेक्शन दिलं. सुनेला आणि दोघा भावांना एकत्र बसवून सांगितलं, कुठला तरी डोस शेवटचा असणार आहे, आणि तो तुमच्यापैकी कोणाच्या तरी हातून जाईल. तो शेवटचा ठरेल तो आजारामुळे.

तिसऱ्या रात्री १० वाजता सुनेचा फोन आला, ‘काही बोलत नाहीत. तरी द्यायचं का?’ द्यायचं, कारण बोलणं थांबलं म्हणून दुखणं थांबत नाही. पहाटे तीनच्या सुमाराला काकी गेली. थोरला पायाशी होता, तात्या उशाशी.

पहाटेच गेलो. घरी झालेल्या मृत्यूसाठी कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र ‘नमुना ४अ’ वर द्यायचं असतं, कायद्याने विनामूल्य. ते तिथेच लिहून दिलं आणि २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करायला सांगितलं. दीर्घ आजाराची फाइल असली की पोलीस, शवविच्छेदन असले प्रश्न येत नाहीत. तेरावं चतुर्थीच्या दोन-तीन दिवस आधी उरकलं. देव दीड दिवसाचा आणला.

नंतरचं

आपल्याकडचे पहिले तेरा दिवस शहाणपणाने बांधलेले आहेत. माणसं येतात, बसतात, कावळा शिवतो की नाही यावर सगळ्यांचा जीव टांगून राहतो, स्वयंपाक शेजारून येतो. खरं एकटेपण चौदाव्या दिवशी सुरू होतं. म्हणून माझी भेट मी पाच-सहा आठवड्यांनी ठेवतो, चाकरमानी परत गेल्यावर. केसपेपर बंद करून कपाटात टाकायचा नाही. घरात तीन नवे रुग्ण तयार झालेले असतात, आणि तिघंही आपल्याच दवाखान्यातले.

तात्या त्याआधीच आले, ‘छातीत भरून येता’ म्हणत. जोडीदार गेल्यावरच्या पहिल्या महिन्यांत मागे राहिलेल्याच्या मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून दुःखाची चौकशी नंतर, ईसीजी आधी. ईसीजी ठीक होता. साखर तीनशेच्या वर. गोळ्या कधीपासून बंद? ‘ती द्यायची.’ चाळीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या हाताने गोळी काढून घेतलीच नव्हती. झोपेची गोळी मागितली. मी दिली नाही. अल्प्राझोलाम लिहून देणं डॉक्टरला सोपं पडतं आणि म्हाताऱ्या माणसाला महागात. त्याऐवजी गोळ्यांची डबी नातीच्या ताब्यात दिली आणि तात्यांना दर आठवड्याला साखर तपासायला बोलावलं. तपासणी पाच मिनिटांची असते. उरलेला वेळ ते रापणीच्या गोष्टी सांगतात, आणि त्यात काकी आपोआप येते.

दुःख आणि नैराश्य यांतला फरक दवाखान्यात ओळखावा लागतो. दुःख भरतीसारखं येतं-जातं. मधे माणूस हसतो, जेवतो. सतत पोकळी, ‘मी कशाला उरलो’ हे बोलणं, जेवण तुटणं, मरणाचे विचार, हे दिसलं तर उपचार हवेत. सहा महिन्यांनंतरही ओढ तितकीच तीव्र असेल आणि रोजचं जगणं अडलं असेल, तर आयसीडी-११ या आंतरराष्ट्रीय आजार-यादीत त्याला ‘प्रदीर्घ शोकविकार’ म्हणून वेगळी जागा आहे. घरात टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लिहून ठेवला. तात्यांना त्याची गरज पडली नाही.

सून कंबरदुखी घेऊन आली. सासू गेल्यावर सुनेला ‘सुटलीस गो बाय’ म्हणणारं जग आहे हे. तिचं सांत्वन कोणी केलं नव्हतं. कंबर तपासून झाल्यावर म्हणाली, ‘त्या रात्रीचा डोस मीच दिला. त्यानेच गेल्या का आई?’ आधी सांगून ठेवलेलं होतं, तरीही हा प्रश्न आला, तो येतोच. मी धाकट्याला वही घेऊन बोलावलं. तिच्यासमोर उघडली. बघ, महिनाभर त्या दहा-दहाचा डोस घेत होत्या, रात्री वीस. शेवटच्या रात्री तू पाच दिलेस. तिने स्वतः बोट फिरवून मागची पानं वाचली, आण्यांचा रकाना वरपासून खालपर्यंत. वही घरी नेते म्हणाली. माझ्या तोंडी दिलाशाने जे झालं नसतं ते धाकट्याच्या वाकड्या अक्षराने झालं.

थोरल्याला मी सहा महिन्यांनी फोन केला. तो फक्त एवढंच बोलला की पौर्णिमेला आलो ते बरं झालं.

वर्षश्राद्ध झाल्यावर एक काम काढलं, जे शोकाच्या घरात आधी काढणं बरं दिसलं नसतं. घरातल्या आणि भावकीतल्या बायकांची तोंडं तपासली. सुनेचं स्वच्छ होतं. काकीच्या धाकट्या जावेच्या उजव्या गालात पांढरा चट्टा निघाला. बायोप्सीत कर्करोग नाही, पेशींमध्ये सौम्य बदल आहेत. तिला दर तीन महिन्यांनी बोलावतो. मशेरी सुटलेली नाही, दिवसाला पाच वेळांवरून एकावर आली आहे.